दारात उभा होता तो कोण

पिक्चरचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, तरी त्याच्यावरून दोन लग्नांत रुसवे झाले होते आणि एका बारशात पाव्हणा न जेवता उठला होता.

झालं होतं असं. देवणीजवळच्या एका गावात जनावरांच्या बाजाराला जोडून जत्रा भरायची आणि जत्रेत तंबूचा टॉकीज यायचा. महानंदा तेव्हा लग्न होऊन नुकतीच गावात आली होती, म्हणजे पस्तीसेक वर्षं तरी झाली. टॉकीजवाल्यानं संताचा पिक्चर आणतो म्हणून गावभर दवंडी दिली. पण उदगीरच्या स्टँडवर रिळांचे डबे बदलले की काय कुणास ठाऊक, पडदा उजळला तेव्हा त्यावर संत नव्हता, गोरा माणूस होता आणि तो आभाळात निघाला होता. तिकिटं फाडून झालेली. गर्दी तर अशी की बाप्ये पडद्याच्या अलीकडं, बाया पलीकडं, आणि पोरं कुठंही. पैसे परत द्यायची पाळी येऊ नये म्हणून टॉकीजवाल्यानं शाळेतल्या ज्ञानोबा गुरुजींच्या हातात माईक दिला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. लोकांना जरा समजावून सांगा."

गुरुजींना सातवीपर्यंतचं इंग्रजी शिकवता येत होतं. पिक्चर इंग्रजी नाहीच, हे त्यांना लगेच कळलं असणार. पण हातात आलेला माईक परत देणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे.

"मंडळी, हे यान आहे," गुरुजी म्हणाले. "याला चाकं नसतात. हा गृहस्थ लांबच्या ताऱ्यावर निघालेला असून बायकोचा निरोप घेऊन राहिला. आत्ताच रडू नका, पुढं लई बाकी हाय."

लोक बसले. बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. यानात एक गोल जाळीचा पत्रा होता आणि त्यातून आवाज यायचा. गुरुजी त्याला यंत्र म्हणत होते, पण मागून कुणीतरी "चाळणी हाय ती" म्हणालं, आणि तेच नाव कायमचं पडलं. वर्षानुवर्षं एकटा राहून त्या माणसाचं डोकं फिरायला लागतं, तेव्हा चाळणी त्याला सोबत म्हणून दुसरा तोच करून देते. हुबेहूब. दोघं पटावर सोंगट्या खेळतात, भांडतात, एकमेकांची दाढी करतात. मग घरी यायची वेळ होते आणि हवा उरते एकाला पुरेल एवढीच. एक तिकडं बर्फात राहतो, एक परत येतो. कोणता, ते पिक्चर दाखवत नाही. शेवटी घर दिसतं. बायकोचे केस पांढरे झालेले. दारात तो उभा. ती त्याच्या मनगटाकडं बघते, बघतच राहते, आणि दार उघडते. संपलं.

आता मनगटाचं कारण असं, की दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा चाळणी काहीतरी बोलली आणि गुरुजींनी माईकवरून खुलासा केला होता, "खऱ्याच्या डाव्या हाताला घड्याळ, नकलेच्या उजव्या. ध्यानात ठेवा, पुढं लागेल."

लोकांनी ध्यानात ठेवलं, आणि तिथंच घात झाला. अर्धं गाव म्हणालं, दारात उभा होता त्याच्या डाव्या हाताला घड्याळ होतं, म्हणजे खरा परत आला. अर्धं गाव म्हणालं, उजव्या. नकली आला. पुढं गाव पांगलं. कुणी लातूरला गेलं, कुणी नांदेडला, पण वाद बरोबर गेला. लग्नात, दवाखान्यात, माती सावडायला जमले तरी कुणीतरी हळूच विचारायचं, "काय, डावं का उजवं?" मोबाइल आले तेव्हा गावातल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप निघाला. त्याचं नाव 'चाळणी'. सकाळी फुलं पाठवायची, दुपारी भांडायचं.

गंमत अशी की उजवंवाल्या बहुतेक बाया होत्या. बाप्ये म्हणायचे, बायांचं ध्यान भज्यांकडं होतं. बाया म्हणायच्या, तुमचं आमच्याकडं.

महानंदा उजव्याची, तिचा नवरा बसवंत डाव्याचा. एका घरातले दोन पक्ष म्हणून लोक त्यांना चिडवायचे. बसवंत तावातावानं बोलायचा, ती भाकरी थापता थापता एखादंच वाक्य टाकायची. पण हा वाद तिच्यासाठी चेष्टेचा नव्हता. कुणाला माहीत नव्हतं एवढंच.

जत्रेनंतर चार-पाच वर्षांनी बसवंत घरातून गेला होता. भांडण झालं नव्हतं. "हैदराबादला एक काम हाय, बघून येतो," म्हणाला आणि दोन वर्षं आलाच नाही. तो गेला तेव्हा त्यांची लेक रेणुका नुकती पाऊल टाकायला लागली होती. मग एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. वाळलेला, मिशी काढलेली, हातात एक पिशवी. सासू आतून म्हणाली, "आधी विचार, कुठं होता. मग कडी काढ." महानंदाचा हात कडीवर होता. ती फटीतून बघत होती. हा माणूस तिच्या नवऱ्यासारखा दिसत होता, आणि दिसतही नव्हता. आणि तिला ती पांढऱ्या केसांची बाई आठवली. त्या बाईनं मनगट पाहिलं होतं. हा आपला नव्हे, हे तिला कळलं होतं. कळून तिनं दार उघडलं होतं. म्हणजे असंही करता येतं. जगात कुणीतरी केलेलं आहे.

महानंदानं कडी काढली, तांब्या भरून दिला आणि काही विचारलं नाही. गेला तो गेला, हा दुसरा आला, असं तिनं मनाशी धरलं. आता पहिल्याचा जाब दुसऱ्याला कसा विचारायचा? आणि दुसरा वाईट नव्हता. पहिला भाजीत मीठ जास्त झालं की ताट सरकवायचा. दुसरा पाणी पिऊन दोन घास जास्त खायचा. त्यानं नांदेडला बिऱ्हाड केलं, तिच्या अंगणवाडीच्या नोकरीसाठी तोच कचेऱ्या फिरला, रेणुकाला शिकवलं. कुठं होता, ते त्यानं सांगितलं नाही, हिनं विचारलं नाही, आणि तीस वर्षं बरी गेली.

असं चाललेलं असताना ग्रुपवर रजियाचा आवाज आला. रजिया म्हणजे गावातली महानंदाची शेजारीण, आता लातूरला असते. "महानंदे, घावला गं पिक्चर. आमच्या लेकीनं, कहकशांनं मोबाइलवर काढला हुडकून. चाळणी हाय, सोंगट्या हायेत, समदं हाय. ऐतवारी या दोघं. टीव्हीवर लावतो. एकदाचा निकाल लागू दे."

बसवंतनं तो आवाज तीनदा ऐकला. महानंदा म्हणाली, तिला कणकण वाटून राहिली. मग म्हणाली, अंगणवाडीची तपासणी आहे. मग म्हणाली, एवढ्या लांब एका पिक्चरसाठी कोण जातं.

"हरायची भीती वाटून राहिली का?" बसवंत हसत म्हणाला.

"हाव," महानंदा म्हणाली. त्याला वाटलं, चेष्टा करते.

रविवारी सकाळच्या गाडीनं ते लातूरला पोचले. रजियाच्या बैठकीत दिवाणावर बाप्ये आणि खाली सतरंजीवर बाया. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप बसले. रजियाचा भाऊ पाशामियाँ होता, डाव्याचा कट्टर. पंचशीला होती. ती सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेली, उजव्या पक्षाची वकील. आणि जवळच्या मुरुडहून मुलाच्या गाडीत घालून आणलेले खुद्द ज्ञानोबा गुरुजी. नव्वदीला टेकलेले, कानात मशीन, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. रजियानं सगळ्यांना मुरमुऱ्यांचा सुशीला दिला. कहकशांनं टीव्ही जोडून दिला आणि ती तिच्या कामाला निघून गेली.

"खाली इंग्रजी अक्षरं येतात," रजिया म्हणाली. "सिस्टर, तुम्ही वाचून सांगा."

"मी वाचीन. पण निकाल माझ्या बाजूनं लागला तर पाशाभाई म्हणतील, सिस्टरनं फिरवून वाचलं."

"म्हणणारच," पाशामियाँ म्हणाला. "तुम्ही सुईसुद्धा दुखणार न्हाई म्हणून टोचता."

पिक्चर सुरू झाला. तोच होता. महानंदाला तो माणूस ओळखू आला, यान ओळखू आलं, चाळणी बघून तर सगळे असे हसले जशी माहेरची कुणी भेटली. पण तिला काहीतरी खटकत होतं. आपल्या स्वयंपाकघरात कुणी पाव्हणीनं भांडी लावावीत, सगळी भांडी आपलीच असावीत आणि हात मात्र दर वेळी रिकाम्या जागी पडावा, तसं होत होतं. खिडकी तिकडं नव्हती, इकडं होती. सोंगट्यांचा पट याच्या पुढ्यात नव्हता, त्याच्या होता. तिला वाटलं, वय झालं आपलं.

दोघं समोरासमोर आले. मनगटं उघडी. एकाच्या डाव्या हाताला घड्याळ, एकाच्या उजव्या. चाळणी बोलली.

"काय म्हणाली?" पाशामियाँ पुढं सरकला.

पंचशीलानं चष्मा वर केला. "म्हणते, पाण्याचा साठा कमी आहे."

"घड्याळाचं?"

"घड्याळाचं काही न्हाई. पाण्याचा साठा कमी आहे. काटकसर करावी."

"मागं घ्या."

मागं घेतलं. पाणीच कमी होतं. सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी सुशीला खात होते.

"गुरुजी," रजिया कानाजवळ जाऊन म्हणाली, "तुम्ही तर म्हणला होता, खऱ्याच्या डाव्या हाताला."

"मी? मी असं कशाला म्हणीन? मला त्याची भाषा येत होती का?"

"अवो, समद्या गावानं ऐकलं."

"गावाचं काय घेऊन बसलीस," गुरुजी म्हणाले आणि शेंगदाणे वेचून बाजूला ठेवू लागले.

पिक्चर पुढं गेला. बर्फ आला, यान फिरलं. शेवट जवळ आला. महानंदाला ते दार बघायचं नव्हतं. तिनं मान फिरवली. भिंतीला रजियाचं लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला उभा आरसा, आणि टीव्ही त्या आरशात दिसत होता.

आरशात ती बाई ओळखीच्या बाजूनं चालत आली. खिडकी तिच्या जागी होती. दार होतं त्याच बाजूला, कडी होती त्याच हाताला, आणि उभ्या असलेल्या माणसाचं घड्याळ उजव्या मनगटावर. महानंदाचा पिक्चर त्या कपाटात होता, जसाच्या तसा.

"डावं!" पाशामियाँनं मांडीवर थाप मारली. "घ्या सिस्टर. डावं हाय. मोजा बोटं."

पंचशीलानं चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. बसवंत महानंदाकडं बघून हसत होता, जिंकलेला माणूस आपल्या माणसाकडं बघून हसतो तसा.

"आपण पलीकडं बसलो होतो," महानंदा म्हणाली.

"काय?"

"जत्रेत. बाया पडद्याच्या पलीकडं बसत होत्या का न्हाई? पलीकडून समदं उलटं दिसतं. इकडं आरशात बघा."

सगळ्यांनी माना वळवल्या. कपाटात पांढऱ्या केसांची बाई दार उघडत होती. टीव्हीवरही उघडत होती. थोडा वेळ कुणालाच कळेना, कुठं बघावं.

"म्हणजे तुमचं चुकलंच," पाशामियाँ म्हणाला, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

"चुकलं कसं? आम्हाला जे दिसलं ते आम्ही बोललो," रजिया म्हणाली.

"उलटं दिसलं."

"मग आम्हाला उलटं बसवलं कुणी?"

"आणि चुकलं म्हणायला डाव्याचा काही संबंध राहिलाय का?" पंचशीला भानावर आली. "चाळणी तर पाण्याचं बोलून राहिली. म्हणजे डावं आलं काय, उजवं आलं काय, खरा कोणता ते कुणी सांगितलंच न्हाई. गुरुजी म्हणतात, मी बोललो न्हाई. मग तीस-पस्तीस वर्षं आपण भांडलो कशावर?"

शेवटी सगळे पुन्हा गुरुजींकडं वळले. गुरुजींनी ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि टीव्हीकडं एकदा नीट पाहिलं.

"हा तो पिक्चर न्हाईच," ते म्हणाले.

"अवो गुरुजी."

"न्हाईच. दिसायला तसाच हाय, पण हा तो न्हाई. त्यातली बाई शेवटाला बोलली होती. ही बोलली का?"

ती बोलली होती का, यावर नवीन वाद सुरू झाला. पाशामियाँ म्हणाला, बोलली होती. पंचशीला म्हणाली, शपथेवर सांगते, ओठ हलले नव्हते. रजिया चहा टाकायला उठता उठता म्हणाली, "काही असू द्या. बोलली असो, नसो, मी तर त्या बाईपायी लई रडले बाबा."

"ते मला कधी कळलं न्हाई," बसवंत म्हणाला. "आम्हाला पलीकडून तुमच्या रडण्याचा आवाज आला होता. आम्ही म्हणलं, नवरा घरी आला, यात रडण्यासारखं काय हाय?"

"तुमच्या बाजूला नवरा आला असंल, भाऊजी. आमच्या बाजूला परका आला होता. बिचारीनं ओळखलं की, हा आपला न्हाई. तरी घेतलं घरात. समद्या बाया रडल्या. महानंदा तर लई रडली."

बसवंतनं महानंदाकडं पाहिलं. हसू अजून तोंडावर होतं, पण आत काहीतरी उलटसुलट होत असावं. तो तिच्याकडं बघत राहिला आणि ती चहाचे कप गोळा करायला लागली, चहा अजून आलेला नसताना.

दुपारच्या गाडीनं ते परत निघाले. चाकूर मागं पडलं. महानंदाच्या डोक्यात नुसता गुंता झाला होता. पिक्चरमध्ये काय खरं, ते आता कुणी सांगू शकणार नव्हतं, हे ठीक. पण घरातलं काय? तिनं ज्या बाईच्या भरवशावर कडी काढली होती, ती बाई पडद्याच्या एकाच बाजूला होती. दुसऱ्या बाजूला तीच बाई आपल्याच नवऱ्याला आत घेत होती. मग त्या दुपारी दारात जो होता, तो गेला होता तोच असेल, तर? तोच ताट सरकवणारा, तोच पाऊल टाकणाऱ्या पोरीला सोडून जाणारा. परक्याला काही विचारायचं नसतं. आपल्या माणसाला मात्र विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर येतं.

अहमदपूरला गाडी थांबली. माणसं चहाला उतरली. बसवंत उतरला नाही.

"महानंदा," तो म्हणाला, "त्या दिवशी तू कडी काढलीस, ती कुणासाठी?"

ती खिडकीबाहेर बघत होती. केळीवाला गाडीच्या बाजूनं हाळी देत फिरत होता.

"मला वाटलं होतं, आपला माणूस म्हणून घेतलंस," तो म्हणाला. "काही विचारलं न्हाईस, तेव्हा मला वाटलं, हिनं माफ केलं. डावं डावं म्हणून लोकांशी भांडताना मी मनातल्या मनात म्हणायचो, खरा आला की दार उघडतं. बाई ओळखते."

"मी न्हाई ओळखलं."

"मग?"

"मग काय. दुसरा कुणी आला म्हणलं. येऊ दे."

बसवंतचा चेहरा बघण्यासारखा झाला. राग यावा, तर कशाचा, ते त्याला सापडेना. "तीस वर्षं परक्या माणसाला जेवू घातलंस?"

"घातलं की. उपाशी ठेवलं का कधी?"

"तसं न्हाई म्हणत."

"चांगला होता दुसरा," महानंदा म्हणाली. "मला आवडला."

मग तो हळूच म्हणाला, "पहिला लई वाईट होता का?"

"काय माहीत. त्याला विचारायचं राहूनच गेलं."

गाडी भरू लागली. पुढच्या सीटवरच्या बाईनं लेकराला खिडकीशी बसवलं. कंडक्टरनं घंटी वाजवली आणि गाडी स्टँडच्या खड्ड्यांतून हेलकावे खात बाहेर निघाली. बसवंतनं पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"हैदराबादला गेलोच नव्हतो मी," तो म्हणाला.

महानंदाला वाटलं, ऐकू नये. वाटलं, तीस वर्षं बरी गेली, उरलेली जातील. पण तिच्या तोंडून शब्द निघून गेला होता. "कुठं मग?"

हे तिनं त्याला पहिल्यांदाच विचारलं होतं. आपण आपल्या माणसाला विचारलं की परक्याला, हे तिचं तिलाच उमगेना. आवाज दोन्हींसारखा लागला होता.

"सांगतो. मधे बोलू नको. मधे बोललीस तर मला पुन्हा जमणार न्हाई."

"न्हाई बोलत."

गाडी लोह्याच्या रस्त्याला लागली. तो शब्द जुळवत राहिला, ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि तिला गप्प बसवेना.

"रेणुका तेव्हा पाऊल टाकायला लागली होती," ती म्हणाली.

"माहीत हाय," बसवंत म्हणाला. "तिथूनच सांगतो."